दोन खड्डे, दोन चवी

निर्मनुष्य बेटावर अडकलं तर कसं तगायचं, हे आम्ही जहाजावरच्या लोकांना बेटावर नेऊनच शिकवतो. त्या दिवशी दोन तुकड्यांना एकच काम दिलं होतं: पिण्याचं पाणी शोधा.

पहिली तुकडी दांडगी. भरतीरेषेच्या लगेच मागे, भर उन्हात, कंबरभर खड्डा. पाणी लागलं तरी खणणं सुरूच. पाणी भरपूर आलं, पण दुपारनंतर तोंडात धरवेना.

दुसरीने वाळूच्या टेकाडामागे, झाडी सुरू होते तिथली जागा धरली आणि ऊन कलेपर्यंत सावलीत बसून राहिली. नाहीतर मिळायच्या पाण्याहून जास्त घामातच जातं. मग डवरा खणायला घेतला. आधी वाळू ओली लागली, मग तळाशी बोटभर पाणी झिरपलं. तिथेच हात थांबवला. कडा ढासळू नयेत म्हणून आत काटक्यांचं कुंपण घातलं आणि करवंटीने वरवरचं पाणी उचललं. जरा मचूळ, पण पिण्याजोगं.

फरक का पडला? वाळूत मुरलेलं पावसाचं पाणी हलकं असतं, ते खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. किनाऱ्याकडे हा थर पातळ होत जातो. गणित असं, की गोड्या पाण्याची पातळी उपशाने 1 सेंटीमीटर उतरली, तर खालची खारी सीमा हळूहळू सुमारे 40 सेंटीमीटर वर चढू शकते. म्हणून थोडं उपसायचं, पुन्हा झिरपू द्यायचं. घाई केली की डवरा नासतो.

पाणी गोडं लागलं तरी उकळायचंच. समुद्रपक्ष्यांची विष्ठा वाळूतून खाली जाते. खळखळून उकळी आल्यावर 1 मिनिट पुरे. उकळून खारटपणा मात्र जात नाही, उलट वाढतो. समुद्राच्या पाण्यात सुमारे 3.5 टक्के मीठ असतं. मूत्रपिंडांना एवढं दाट मूत्र करता येत नाही, त्यामुळे ते मीठ बाहेर टाकायला प्यायलो त्याहून जास्त पाणी खर्ची पडतं. शहाळ्याचा आधार मोठा, पण नुसत्या नारळावर राहिलं तर पोट बिघडतं आणि कमावलेलं पाणी जुलाबात जातं.

2024 साली मायक्रोनेशियातल्या पिकेलॉट बेटावर अडकलेले तिघे आठवडाभराहून जास्त काळ तगले, ते नारळ आणि तिथल्या छोट्या विहिरीवर. माडाच्या झावळ्यांनी पुळणीवर मदतीची हाक लिहिली होती, ती विमानातून दिसली.

रात्री पाऊस आला. 2 बाय 3 मीटरच्या ताडपत्रीवर 10 मिलिमीटर पाऊस म्हणजे 60 लिटर. पहिली धार सांडून द्यायची, कारण ताडपत्रीवर खाऱ्या वाऱ्याचं मीठ बसलेलं असतं. आमचे डबे पटकन भरले. मग दुसरी ताडपत्री सावलीतल्या उथळ खड्ड्यात अंथरली, कडांवर दगड ठेवले आणि उरलेलं पाणी त्यात वळवलं.