पंख्याचा रेग्युलेटर आणि ग्राइंडरची मोटर

"पंख्याला चालतो तो रेग्युलेटर या मोटरला का चालणार नाही?"

सुऱ्या घासायच्या बेल्ट ग्राइंडरसाठी मोटर बघत होतो, तेव्हा मित्राने सहज विचारलं. दिवसभर तेच डोक्यात.

साध्या सिंगल फेज कपॅसिटर-स्टार्ट मोटरमध्ये एक सेंट्रिफ्युगल स्विच असतो. मोटर वेगात आली की तो स्टार्टिंग वाइंडिंग तोडतो. वेग फार खाली आणला, की स्विच परत जुळतो आणि काही सेकंदांपुरतं बनवलेलं ते वाइंडिंग तापतच राहतं. पुढे जळका वास, दुसरं काय!

म्हणून हा स्विचच नसलेली थ्री फेज मोटर आणि व्हीएफडी, म्हणजे विजेची फ्रिक्वेन्सी बदलून मोटरचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण. घरात सिंगल फेज असली तरी अडत नाही, तसा व्हीएफडी मिळतो. 2 बाय 72 इंची बेल्टला दीड-दोन एचपी पुरते.

पण एवढा खटाटोप कशाला? 1440 आरपीएमची मोटर, 100 मिमीचं चाक, म्हणजे बेल्ट सेकंदाला साडेसात मीटर पळतो. व्हीएफडीने 50 हर्ट्झवरून 20 हर्ट्झवर आणला की तीन मीटर. टेम्पर केलेल्या पात्याची धार शेवटी घासताना हाच फरक कामाला येतो. तापून धार निळी पडली, की तिथलं पाणी, म्हणजे पोलादाचा कडकपणा, उतरलंच.

अर्थात हळू फिरणाऱ्या मोटरचा स्वतःचा पंखाही हळूच फिरतो, तेव्हा मोटर तापली का, ते अधूनमधून तिला हात लावून बघायचं.

आता प्रश्न पोलादाच्या भुकटीचा. ती व्हीएफडीत शिरली तर सर्किट शॉर्ट. बंद खोक्यात ठेवावा तर तो तापतो. तुम्ही कुठे बसवलाय?