आजार नसता तर?

मावशी 'किती सुटलीस गं' म्हणाली आणि मी तोंड उघडायच्या आत आई बोलून मोकळी झाली, "थायरॉईड आहे हो तिला." खोटं काही नाही त्यात. बाजूच घेतली तिने माझी. तरी ते वाक्य सकाळपासून टोचतंय.

हरनाज संधू आठवत राहिली. डिसेंबर २०२१ मध्ये इस्रायलमध्ये तिने मिस युनिव्हर्सचा मुकुट जिंकला, अवघी २१ वर्षांची होती. शेवटच्या प्रश्नाला म्हणाली होती, इतरांशी स्वतःची तुलना थांबवा, जगात याहून महत्त्वाचं चाललंय त्यावर बोलू. आणि काही महिन्यांतच लोक तिच्या वजनावर तुटून पडले. शेवटी तिला जाहीर सांगावं लागलं की सिलिअ‍ॅक नावाचा आजार आहे, गहू चालत नाही. आधी बारीक म्हणून चिडवायचे, आता जाडी म्हणून, हेही तीच म्हणाली.

पण आजार नसता तर? भूक लागली म्हणून जेवली असती, नुसतीच वाढली असती, तर बोलणारे बरोबर ठरले असते? आजाराचं नाव घेतलं की लोक 'अरेरे' म्हणतात आणि शरीराला माफी मिळते. ही माफी मागायचीच कशाला?

हरनाजने हाती घेतलेला विषय होता मासिक पाळीचा. आई स्त्रीरोगतज्ज्ञ, तिच्याबरोबर ती आरोग्य शिबिरांत काम करायची. पाळीबद्दल न लाजता बोला, हे ती मुकुट घालून सांगत होती. ते किती जणांना आठवतं? स्पर्धाच रूपाची, मग लोक बोलणारच, असं म्हणतात. मला नाही पटत. मुकुट चढला म्हणून शरीर गावाच्या मालकीचं होत नाही.

दुपारी रडले. लग्नाआधीचे फोटो काढून बसले होते, ते एक... जाऊ दे.

आता जरा शांत वाटतंय. आईला काही म्हणणार नाही, माझ्यासाठी तिला तेवढंच सुचतं. मावशी पुढच्या वेळीही बोलेल. "हो, वाढलंय" म्हणेन आणि चहा घेईन. गोळी सुरू आहेच, वजन उतरेल किंवा नाही उतरणार.

नीलूशी मात्र बोलायला हवं. ती तिथेच बसली होती. हल्ली ती अर्धी पोळी ताटात ठेवून उठते आणि घरात सगळे तिचं कौतुक करतात. उद्याच बोलते.