बहुधा नाही

कालपासून एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. गोष्ट म्हणावी एवढी मोठीही नाही ती. धाकटीने मोबाइलवर एक बटण दाबलं, बस. पण ते बटण माझ्याबद्दल होतं.

मृग लागायला आठवडा आहे, तरी काल संध्याकाळी वळवाने झोडपलंच. आगोटीची कामं अर्धी पडलीत, लाकडं निम्मी बाहेर, आणि आंब्याची साठं घातलेली ताटं आत घ्यायला कुणाला सुचलं नाही. मी ओरडले. ओरडायला नको होतं का? पंधरा रायवळांचा रस होता तो. मग लाइट गेली आणि सगळे पडवीत येऊन बसले. कुणी कुणाशी बोलेना, म्हणून मोठीने तो जिनीचा खेळ काढला.

ॲकिनेटर. पागोटं घातलेला एक जिनी. आपण मनात कुणालाही धरायचं, तो प्रश्न विचारत जातो आणि शेवटी नाव सांगतो. 2007 साली फ्रेंच लोकांनी काढला म्हणे. उत्तरं पाचच : हो, नाही, माहीत नाही, बहुधा, बहुधा नाही. प्रश्न इंग्रजीत, धाकटीसाठी मोठी मराठी करून वाचते. माझ्यातली गणिताची बाई लगेच जागी झाली. प्रत्येक प्रश्नाने निम्मे लोक गळाले तर वीस प्रश्नांत 10,48,576 जणांतून एक सापडतो, दोनाचा विसावा घात. मोठी म्हणाली, "आत्या, इतकं सरळ नाही ते. एखादं उत्तर चुकलं तरी तो भरकटत नाही. आणि हरला तर आपल्यालाच नाव विचारतो आणि शिकतो." एकतीस वर्षं शिकवून मला हे कधी जमलं नाही, मुलांना विचारून शिकणं.

पहिली पाळी माझी. मी थिबा धरला. म्हटलं, आमच्या रत्नागिरीतला माणूस तुझ्या फ्रेंच जिनीला कुठला सापडायला! खरा आहे का? हो. हयात आहे का? नाही. राज्य केलं का? हो. भारतीय आहे का? इथे मी अडले. ब्रह्मदेशचा राजा, 1885 मध्ये इंग्रजांनी गादीवरून खाली ओढला, पुढच्या वर्षी इथे आणून ठेवला. राजवाडा बांधून झाला 1910 ला आणि 1916 ला तो गेलासुद्धा. तीस वर्षं. भाट्याची खाडी त्याने माझ्या आजोबांपेक्षा जास्त पाहिली असेल. शेवटी 'नाही' दाबलं. मग जिनीने विचारलं, तुमची व्यक्ती दुःखी आहे का? मी क्षणाचाही विचार न करता 'हो' दाबलं. जिनीने दुसराच कुठलासा राजा काढला आणि मी जिंकले. आईसकट सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. साठं विसरली गेली असं वाटलं.

मग धाकटीची पाळी. मनात कोण ते सांगेना, फोन छातीशी धरून बसली. खरी आहे का? हो. बाई आहे का? हो. तुझ्या कुटुंबातली आहे का? हो. वहिनी पदर सावरून बसली. लग्न झालंय का? नाही. त्यावर आईने कूस बदलली. असो.

आता कोण ते सगळ्यांना कळलंच होतं. प्रसिद्ध आहे का, असा प्रश्न आला तेव्हा तिने 'बहुधा' दाबलं. दादा म्हणाला, बाजारात अर्ध्या लोकांना हिने गणितात नापास केलंय, प्रसिद्ध नाही तर काय. हसलो सगळे. मीही हसले, हे लिहून ठेवते.

आणि मग मोठीने वाचलं, ती नेहमी आनंदी असते का?

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. अंधारात फोनचा उजेड तिच्या हनुवटीवर होता. थोडी थांबली. दाबलं, पण मोठ्याने बोलली नाही. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं होतं. बहुधा नाही.

पुढच्या दोन-तीन प्रश्नांत जिनी म्हणाला, तुझी आत्या. पुन्हा टाळ्या.

रात्रभर कूस बदलत होते. साधं 'नाही' का नाही दाबलं? ओरडते, चिडते, म्हणून 'नाही' म्हणाली असती तर मी समजले असते. 'माहीत नाही' तर अगदी बरोबर उत्तर होतं, तिला काय माहीत असणार? पण 'बहुधा नाही' म्हणजे तिने विचार केला. पाहिलंय तिने मला. कधी? मी विहिरीवर एकटी असते तेव्हा? मागच्या मे महिन्यात तो फोन आला होता तेव्हा ती जिन्यात बसली होती, तेव्हा? एकतीस वर्षांत एकाही पेपरात 'बहुधा'ला मी अर्धा मार्क दिला नाही. आणि घरात माझ्यासाठी कोण काय करतं, हे कुणी विचारलंय कधी? सगळे येतात, आंबे खातात, जातात. साठं मात्र मीच आत आणायची.

पहाटे लाइट आली, पंखा सुरू झाला आणि एकदम थिबा आठवला. त्या बिचाऱ्याबद्दल मी कसं खाडकन 'हो' दाबून मोकळी झाले! मला काय ठाऊक? तीस वर्षांत एखाद्या संध्याकाळी खाडीवरून वारा आला असेल, पोरी हसल्या असतील. मी एकदाही थांबले नाही. धाकटी निदान थांबली तरी. शिवाय प्रश्नात 'नेहमी' होतं. नेहमी आनंदी कोण असतं? टीव्हीवरच्या साबणाच्या जाहिरातीतल्या बायका. गणिताच्या बाईला प्रश्न नीट वाचता येऊ नये म्हणजे कमाल आहे. माझ्या विद्यार्थ्याने असं केलं असतं तर कान पिळला असता.

तरी 'बहुधा' म्हणाली असती तर काय बिघडलं असतं तिचं?

दुपारी सुकट निवडत बसले होते तर येऊन शेजारी टेकली. म्हणाली, "आत्या, तो राजा भारतीय होता की नव्हता?"

म्हटलं, "नव्हता. पण तीस वर्षं इथे राहिला, थडगंही इथेच आहे."

"मग 'नाही' कशाला दाबलंस? 'बहुधा' दाबायचं ना."

सुकटीतला एक काडीचा तुकडा काढून तिने बाजूला टाकला आणि गेली पळत. रविवारी गाडी आहे त्यांची. साठं अजून ओलीच आहेत, उद्या ऊन पडलं नाही तर बुरशी धरेल.