सूर्य मावळला की बंद होणारं रेडिओ स्टेशन

टोरांटोत डिसेंबरात चार वाजले की दिवस आवरायला लागतो. मिसिसागाहून निघतानाच ताईने बजावलं होतं, "कानटोपी विसरू नकोस, आणि जे बघायचंय ते पावणेपाचच्या आत बघून घे." ताई म्हणजे माझी मावसबहीण, बावीस वर्षं इथे राहते. मी नायगारा म्हणेन, सीएन टॉवर म्हणेन, असं तिला वाटलं होतं. मला मात्र कॉलेज स्ट्रीटवरची ६२२ नंबरची इमारत बघायची होती. तिथे चिन रेडिओ आहे, अनेक भाषांत बोलणारं स्टेशन.

या नावाचा चीनशी काही संबंध नाही. कॅनडातल्या स्टेशनांची नावं सी या अक्षराने सुरू होतात, म्हणून सी-एच-आय-एन. पण इटालियन माणसं पेला उंचावताना 'चिन चिन' म्हणतात, त्यामुळे ते त्यांच्या तोंडी लगेच बसलं असणार.

५०६ नंबरच्या स्ट्रीटकारने मी 'लिटल इटली'त उतरले. ग्रेस स्ट्रीटच्या जवळ एक छोटासा चौक आहे, चिन सुरू करणाऱ्या जॉनी लोंबार्डींच्या नावाचा. तिथेच त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. खांद्यावर बर्फ साचलेला. मी हातमोज्याने तो झटकला. का ते सांगता येणार नाही, पण तसंच राहू द्यावंसं वाटलं नाही.

लोंबार्डी १९१५ साली टोरांटोतच जन्मले, 'द वॉर्ड' नावाच्या वस्तीत. बाहेरून आलेल्या गरीब माणसांची ती दाटीवाटीची वस्ती. आज तिथल्या बऱ्याच जागेवर सिटी हॉल आणि त्याच्यापुढचं भलंमोठं मैदान आहे. लोंबार्डी ट्रम्पेट वाजवायचे. दुसऱ्या महायुद्धात ते कॅनडाच्या सैन्यात होते. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो, कारण जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरल्यावर याच कॅनडाने सुमारे ६०० इटालियन माणसांना छावण्यांत डांबलं होतं. रस्त्यावर इटालियन बोलायची भीती वाटावी असे ते दिवस. त्या समाजातला मुलगा कॅनडाचा गणवेश घालून लढून आला, आणि परत येऊन त्याने किराणा दुकान टाकलं.

रेडिओचं मूळ या दुकानात आहे. युद्धानंतर इटलीतून माणसांची रीघ लागली होती. त्यांना ऑलिव्ह तेल, चीज, पास्ता हवा होता, आणि तो कुठे मिळतो हे त्यांच्याच भाषेत कळायला हवं होतं. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस लोंबार्डींनी दुसऱ्या एका स्टेशनवर वेळ विकत घेऊन इटालियन गाण्यांचा कार्यक्रम सुरू केला. दुकानाची जाहिरात आणि गावाकडची गाणी एकत्र. पुढे इटलीतले गायक बोलावून त्यांनी मॅसी हॉलमध्ये जलसे भरवले.

आलेल्यांपैकी पुष्कळ माणसं बांधकामावर राबत होती. १७ मार्च १९६० रोजी टोरांटोतल्या हॉग्ज हॉलो इथे नदीखालच्या पाण्याच्या बोगद्यात आग लागली आणि पाच इटालियन मजूर आत मेले. त्या दुर्घटनेनंतर ओंटारिओत कामगारांच्या सुरक्षेचे कायदे बदलले. आपल्या हक्काची गोष्ट आपल्याला कळेल अशा भाषेत सांगणारं कुणीतरी हवं, ही गरज गाण्यांपेक्षा फार मोठी होती.

६ जून १९६६ रोजी चिन सुरू झालं. कॅनडातलं पहिलं बहुभाषिक स्टेशन ते नव्हे, तो मान माँट्रियलचा, १९६२ सालचा. पण पंतप्रधान पिएर ट्रूडोंनी संसदेत बहुसांस्कृतिक धोरण जाहीर केलं ते ८ ऑक्टोबर १९७१ ला. म्हणजे सरकारच्या पाच वर्षं आधी टोरांटोत एक किराणा दुकानदार ते काम करत होता.

आता ज्या गोष्टीसाठी मी एवढ्या थंडीत आले, ती सांगते. चिनला मिळालेली लहर होती १५४० किलोहर्ट्झ. या लहरीवर रात्रीचा हक्क दुसऱ्यांचा होता: अमेरिकेतल्या आयोवामधलं वॉटर्लू आणि बहामातलं नॅसॉ. त्यामुळे चिनला तेव्हा परवानगी फक्त दिवसाउजेडीची. सूर्य मावळला की बंद. जूनमध्ये इथे नऊला मावळतो, तेव्हा ठीक. पण डिसेंबरात? पावणेपाचला.

हे वाचलं तेव्हा मला आमचं भिलाईचं घर आठवलं. बाबा पोलाद कारखान्यात होते. दिवसा मुंबई केंद्र लागायचंच नाही. रात्री जेवणं उरकली की बाबा ट्रान्झिस्टर खिडकीत ठेवायचे, काटा केसभर इकडे, केसभर तिकडे करत बसायचे, आणि खरखरीतून अचानक नाट्यगीत वर यायचं. आई हातातलं भांडं तसंच धरून उभी राहायची. दिवसा मध्यम लहरी शोषून घेणारा वातावरणातला थर सूर्यास्तानंतर विरतो. मग त्या लहरी आणखी वरच्या थरावरून परतून शेकडो किलोमीटर दूर उतरतात. ज्या कारणाने आमच्या घरात रात्री मराठी यायची, नेमक्या त्याच कारणाने टोरांटोतल्या घरांत संध्याकाळी इटालियन बंद व्हायची. लांबच्या स्टेशनांत ढवळाढवळ नको म्हणून.

कॅफे डिप्लोमॅटिकोत कॉफी घ्यायला बसले. १९६८ पासूनचं हे ठिकाण. शेजारच्या टेबलावर ऐंशीच्या पुढचे एक गृहस्थ होते. माझ्या वहीकडे बघून त्यांनीच विचारलं, "तुम्ही कुठल्या?" मी चिनचं नाव काढलं आणि त्यांनी पेपर खाली ठेवला.

त्यांची आई स्पडायना रस्त्यावरच्या कोटांच्या कारखान्यात शिवणकाम करायची. घरी यायला सहा वाजायचे. "हिवाळ्यात ती दार उघडायची तेव्हा रेडिओ गप्प झालेला असायचा," ते म्हणाले. "कोट न काढता आधी बटण दाबून बघायची. ठाऊक असूनही." मग टेबलावर त्यांनी बोटाने काटा फिरवल्यासारखं केलं, थेट बाबांसारखं, केसभर इकडे, केसभर तिकडे. मला काही बोलता येईना.

१९६७ मध्ये चिनला एफएम मिळालं. एफएमला सूर्यास्ताचं बंधन नाही. पण तेव्हा एफएमचा संच सगळ्या घरांत कुठे होता? "भावाने आधी रेडिओ घेतला, मग पलंग," ते म्हणाले.

लोंबार्डी १८ मार्च २००२ रोजी गेले. आज त्यांचा मुलगा लेनी स्टेशन बघतो आणि तीसहून जास्त भाषांत कार्यक्रम होतात. ६२२ नंबरच्या दारासमोर मी उभी राहिले. आत जायचं काही ठरवलेलं नव्हतं. काचेत माझ्यामागचे स्ट्रीटकारचे दिवे दिसत होते, आणि वर आकाश निळं-काळं होत चाललं होतं. चार वाजून बेचाळीस मिनिटं.

ताई गाडी घेऊन आली. तिच्याकडे 'एकता'चे जुने अंक आहेत, टोरांटोहून निघणारं ते मराठी त्रैमासिक. नवीन आली तेव्हा एकेक अंक पुरवून पुरवून वाचायची, असं तिने वाटेत सांगितलं. मी तिला १५४० लावायला लावलं. काळोख पडून दोन तास झाले होते, आणि रेडिओ बोलत होता. एक बाई कुठल्याशा भाषेत काहीतरी समजावून सांगत होती. भाषा आम्हां दोघींना ओळखता आली नाही, पण मधेच ती हसली तशा आम्हीही हसलो.

घरी पोचल्यावर भारतात सकाळ झाली होती, म्हणून बाबांना फोन लावला. सगळं ऐकून घेतलं त्यांनी. मग विचारलं, "रात्री खरखर येते का गं अजून?"

"थोडी येते, बाबा."

"मग बरोबर लागलंय," ते म्हणाले.