"स्वतःहून गेली होती ना?"

आमच्या घरी धुणीभांडी करणाऱ्या मावशींची १९ वर्षांची लेक सुरतेहून परत आली, तेव्हा तिच्या अंगावरच्या कपड्यांशिवाय जवळ काही नव्हतं. ओळखीतल्याच एका बाईने 'पॅकिंगचं काम, राहणं-जेवण फुकट' म्हणून नेलं होतं. तिथं काय झालं ते इथं लिहीत नाही. तिनं ते सांगायचं तिथं सांगितलंय.

मावशींना पहिली धास्ती वेगळीच. "ताई, पीटा लावून तिलाच आत टाकतील का हो?" १९५६ च्या अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायद्याचं वस्तीत एवढंच नाव माहीत.

चौकीत पहिला प्रश्न आला, "स्वतःहून गेली होती ना?" पुढचं उत्तरही तयारच होतं: "गुन्हा सुरतचा, तिकडं जा." दोन तास बाकड्यावर बसून आम्ही उठलो आणि नाशकात सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठलं. मानवी व्यापारात सापडलेल्या व्यक्तीला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. हे मला त्या दिवशी कळलं, आणि मी स्वतःला शिकलेली समजते!

वकील मॅडमनी दोन्ही प्रश्न पाच मिनिटांत निकालात काढले. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम १४३ लागतं, पूर्वीच्या भारतीय दंड संहितेचं ३७०. शोषणासाठी फसवून माणूस मिळवणं, नेणं, ठेवून घेणं, यातलं प्रत्येक काम गुन्हाच. फसवून मिळवलं नाशकातून, म्हणजे गुन्हा इथलाही. हद्द नसली तरी शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) तक्रार घ्यावीच लागते. आणि संमती? तिची संमती होती की नव्हती, हे या कलमात बघतच नाहीत. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत किमान शिक्षा ७ वर्षं. मावशींनी ते दोनदा विचारून घेतलं.

दुसऱ्या दिवशी तक्रार नोंदली, प्रतही फुकट मिळाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८३ खाली न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर जबाब झाला, तेव्हा आम्ही सगळे दाराबाहेर. आत ती एकटी, चाळीस मिनिटं. बाहेर आल्यावर म्हणाली, "काकू, भूक लागली."

अडलं भलत्याच ठिकाणी. आधारकार्ड सुरतेला राहिलेलं, आणि नवीन काढायला गेलो तर ओटीपी जायचा त्याच बाईच्या मोबाइलवर. नंबर तिनंच जोडून दिला होता, 'नोकरीसाठी लागतो' म्हणून. शेवटी आधार केंद्रात बोटांचे ठसे देऊन नंबर बदलला. आता ओटीपी मावशींच्या फोनवर येतो.