बॅटरी मागे नेली, अर्थिंग राहून गेलं

वाईत माझं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान आहे. जानेवारीत स्ट्रॉबेरीचा हंगाम भरात असतो आणि वर पाचगणी-भिलारकडे पहाटेची थंडी कडक पडते. त्या दिवसांत डिझेल जीपांचे सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) उचलत नाहीत, म्हणून रोज एखादी गाडी दारात उभी असतेच. ही मात्र टोचन लावून आली. प्यूजो इंजिनाची जुनी महिंद्रा जीप, मागं स्ट्रॉबेरीचे क्रेट. तक्रारही सेल्फची नव्हती.

मालक भिलारकडचे शेतकरी, वयानं साठीच्या पुढचे. त्यांचे हात अजून थरथरत होते. "मिस्त्री, पाचगणीत च्या प्यायला थांबलो, परत सेल्फ मारला आन् घाटाला लागलो. ॲक्सिलेटरवरनं पाय काढला तरी गाडी पळतीच. स्टॉप वढला, तर त्यो बी जाम. गिअरात ठिवून ब्रेकवर उभा ऱ्हायलो, तवा कुठं बंद पडली."

पसरणी घाटाची वळणं ज्यानं उतरली आहेत त्याला यापुढं काही सांगायला नको. मागं दोन बायामाणसंही बसली होती.

या इंजिनाला डिझेल पंप मेकॅनिकल असतो. चावी फिरवून ते बंद होत नाही, डॅशबोर्डवरचा स्टॉपचा दांडा ओढून पंपाचं डिझेल तोडावं लागतं. म्हणजे ॲक्सिलेटरची तार आणि स्टॉपची तार एकाच वेळी अडकल्या, तर चालकाच्या हातात फक्त ब्रेक उरतो. एक तार अडकली असती तर मी मेकॅनिककडं बोट दाखवलं असतं. दोन्ही एकदम कशा अडकतील? त्यात काका म्हणाले की ॲक्सिलेटरची केबल दिवाळीतच नवी टाकली होती आणि स्टॉपचा दांडा हल्ली सकाळी हाताला गरम लागायचा.

हे ऐकल्यावर मी पहिला प्रश्न विचारला, "काका, बॅटरी कुठं आहे?"

ती मागच्या बाकड्याखाली होती. बॉनेटमधला बॅटरीचा ट्रे ॲसिडनं कुजून गेला होता, म्हणून पाऊस संपता संपता दुसऱ्या गावच्या एका गॅरेजनं ती मागं सरकवून दिली होती. लाल, म्हणजे प्लसची केबल लांब करून सेल्फपर्यंत आणली होती. काळी, म्हणजे मायनसची, अर्थिंगची केबल वीतभर, बॅटरीशेजारीच चेसिसला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) आवळलेली. बघणाऱ्याला काम पूर्ण वाटेल असंच होतं ते.

पण सेल्फ चेसिसवर बसत नाही, इंजिनवर बसतो. आणि इंजिन बसतं रबरी माउंटिंगवर. बॅटरी पुढं असताना काळी केबल थेट इंजिनच्या ब्लॉकला जात होती. बॅटरी हलवताना ती काढून टाकली आणि तिच्या जागी काहीच आलं नाही. लाल केबलनं सेल्फमध्ये गेलेला करंट परत कुठून येणार? रबरातून तो येत नाही. मग इंजिन आणि बॉडी यांना जोडणारं जे जे धातूचं असेल त्यातून तो वाट काढतो: ॲक्सिलेटरची तार, स्टॉपची तार, स्पीडोमीटरची केबल, गिअरबॉक्समागचा, चाकांकडं जाणारा प्रोपेलर शाफ्ट. बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटरही इंजिनवरच असतो, त्यामुळं गाडी चालू असताना लाइटचा करंटसुद्धा याच तारांतून फिरत होता.

तर्क लढवून मी गाडी देत नाही, मीटर लावतो. दोन्ही जाम तारा पंपाच्या टोकाला सोडवल्या, पंपाचा लिव्हर बंदवर बांधला, म्हणजे इंजिन नुसतं फिरेल, पेटणार नाही. पोराला सेल्फ मारायला सांगितला. बॅटरीवर ११.४ व्होल्ट. बॅटरीच्या प्लसपासून सेल्फच्या बोल्टपर्यंत १.१ व्होल्ट गळती, म्हणजे एवढे व्होल्ट वाटेतच खर्च. मग एक टोक बॅटरीच्या मायनसला, दुसरं इंजिनच्या ब्लॉकला. इथं पाव व्होल्टच्या आसपास यायला हवं. आले ३.४! सेल्फच्या वाट्याला सातसुद्धा व्होल्ट उरत नव्हते. क्लॅम्प मीटरवर करंट दीडशे अँपिअर, म्हणजे परतीच्या वाटेवर पाचशे वॉटची उष्णता. घरच्या छोट्या इस्त्रीएवढी, आणि ती बोटाएवढ्या जाडीच्या तारांत. क्लॅम्प नुसत्या स्टॉपच्या केबलभोवती धरला तर तिच्यातूनच चाळीस अँपिअर वाहत होते. ॲक्सिलेटरची केबल चिरून पाहिली. आतली नायलॉनची नळी वितळून तारेला घट्ट धरून बसली होती. पाचगणीत सेल्फ मारताना ती मऊ झाली, घाटात थंड होऊन गोठली.

मग जंपर केबलचं एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ब्लॉकला लावलं. काकांनाच सेल्फ मारायला बसवलं. इंजिन असं गरकन फिरलं की ते चावी सोडून माझ्याकडं बघतच राहिले.

बाकड्याखाली अजून एक गोष्ट होती, तिनं मला जास्त घाबरवलं. बॅटरी साधी, पाण्याची. चार्ज होताना ती हायड्रोजन सोडते आणि हवेत चार टक्के हायड्रोजन झाला की ठिणगी पुरते. बॅटरीच्या पेटीला हवा जायला एक भोक नव्हतं. वर बाकड्याची लोखंडी पट्टी प्लसच्या टर्मिनलपासून दोन बोटं अंतरावर, टर्मिनल उघडं. एखादं जड माणूस खड्ड्यात आपटलं असतं तर पट्टी थेट टेकली असती. लाल केबल पत्र्याच्या भोकातून ग्रोमेटशिवाय (भोकाच्या धारेवरच्या रबरी कडीशिवाय) खाली गेली होती, इन्सुलेशन निम्मं कापलेलं, आणि वाटेत फ्यूज नाही. बीएमडब्ल्यूच्या कित्येक मॉडेलांत बॅटरी डिकीत असते. तिथं अपघातात एअरबॅग उघडली की बारूद लावलेलं टर्मिनल सेल्फची केबल आपोआप तोडतं. लांब पल्ल्याच्या लाल केबलला कंपनी एवढी भिते.

काम संध्याकाळपर्यंत चाललं. पेटी सीलबंद केली, बाहेर जाणारी नळी बसवली, टर्मिनलवर रबरी टोप्या आणि बाकड्याखाली रबरी शीट. लाल केबल ७० स्क्वेअर एमएमची, शुद्ध तांब्याची. (बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबल सर्रास मिळते; तार चाकूनं खरवडून बघा, आत पांढरं दिसलं तर परत करा.) सायलेन्सर आणि डिझेलचा पाइप एका बाजूला, म्हणून केबल चेसिसच्या दुसऱ्या बाजूनं, नळीत घालून, फुटाफुटावर क्लिप मारून नेली. बॅटरीजवळच ३०० अँपिअरचा पट्टीचा फ्यूज. केबलच्या टोकांचे थिंबल हायड्रॉलिक प्रेसनं दाबले. शिसं ओतून मी ते कधी करत नाही, कारण शिसं जिथं संपतं तिथं केबल कडक होते आणि हादऱ्यांनी तुटते.

काळी केबल तेवढ्याच जाडीची, बॅटरीपासून थेट सेल्फच्या माउंटिंग बोल्टपर्यंत. शिवाय इंजिन ते चेसिस आणि चेसिस ते बॉडी अशा विणलेल्या पट्ट्या. प्रत्येक जागी रंग खरवडून चकचकीत लोखंड काढलं, दातेरी वॉशर टाकून आवळलं, ग्रीस वरून लावलं.

परत मीटर. करंट २६० अँपिअर, बॅटरीवर १०.६ व्होल्ट. काकांचा चेहरा पडला, आधी तर ११.४ होते! त्यांना समजावलं, की आधी वाटच अडलेली होती, बॅटरीला ताकद लावताच येत नव्हती. आता लाल बाजूची गळती ०.४, काळी बाजू ०.३, सेल्फला मिळाले ९.९. नव्या ॲक्सिलेटर आणि स्टॉप केबल टाकल्या. प्रोपेलर शाफ्टच्या बेअरिंगमधूनही करंट गेला असणार, म्हणून आवाज आला तर लगेच मेकॅनिकला दाखवा, असं बिलावर लिहून दिलं.

पैसे देता देता काका सहज बोलून गेले, त्याच गॅरेजनं त्यांच्या भावकीतल्या दोन जीपांच्या बॅटऱ्या तशाच मागं नेल्यात. मी त्यांना तिथूनच फोन लावायला लावला आणि जीपा आहेत तिथंच उभ्या ठेवायला सांगितल्या. सकाळी मीच केबल घेऊन वर गेलो. एकीच्या इंजिनवर जुनी अर्थिंगची पट्टी नशिबानं शाबूत होती. दुसरीची ॲक्सिलेटरची तार काळी पडायला लागली होती. तिला आधी काळी केबल ओढली, मग बाकीचं काम.