शैक्षणिक कर्ज, सर्व्हिसरचा घोळ आणि राज्य सरकारची मदत: माझा अनुभव

मी बॉस्टनजवळच्या एका सामुदायिक आरोग्य केंद्रात सोशल वर्कर आहे. एमएसडब्ल्यूसाठी घेतलेलं फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं, कर्ज फेडताना मॅसॅच्युसेट्सच्या ॲटर्नी जनरलच्या (राज्याच्या मुख्य कायदा अधिकाऱ्याच्या) ऑफिसची मला फार मदत झाली. अशी सोय आहे हेच इथल्या आपल्या बऱ्याच मंडळींना ठाऊक नसतं, म्हणून सविस्तर लिहितेय.

सरकारी किंवा विनानफा संस्थेत पूर्णवेळ नोकरी करत १२० पात्र हप्ते भरले, की उरलेलं कर्ज माफ होतं. पीएसएलएफ नावाची ही योजना २००७ च्या कायद्यातली. हप्ते सलग नसले तरी चालतात, पण कर्ज 'डायरेक्ट लोन' प्रकारचंच, म्हणजे थेट केंद्र सरकारने दिलेलंच, लागतं. कर्ज सरकारचं असलं तरी वसुली आणि हिशेब खासगी कंपनी बघते, तिला सर्व्हिसर म्हणतात. घोळ होतो तो इथेच.

माझं कर्ज एका सर्व्हिसरकडून दुसऱ्याकडे गेलं. पैसे बँकेतून वेळच्या वेळी कापले गेले होते, पण नव्या खात्यावर त्यातले कितीतरी हप्ते 'अपात्र' दिसायला लागले. शिवाय मी मागितलेलं नसताना काही महिने फोरबेअरन्समध्ये टाकलेले. म्हणजे हप्ता बंद, व्याज चालू, आणि माफीच्या मोजणीत ते महिने धरलेच नाहीत. फोन केला की आधी होल्ड, मग दर वेळी नवा माणूस आणि नवं उत्तर. एक म्हणे थांबा, आपोआप दुरुस्त होईल. दुसरी म्हणे जुन्या कंपनीला विचारा. जुन्या कंपनीकडे तर माझं खातंच उरलं नव्हतं. पगारातला एवढा वाटा दर महिन्याला जातोय आणि तो कुठे धरलाच जात नाहीये, या विचाराने झोप लागायची नाही. सांगलीहून आई विचारायची, "अजून किती राहिलं गं?" तिला सांगायला माझ्याकडे आकडाच नसायचा.

केंद्रातल्या एका ज्येष्ठ बाईंनी स्टुडंट लोन ओम्बुड्समनबद्दल, म्हणजे शैक्षणिक कर्जाच्या तक्रारी बघणाऱ्या राज्याच्या अधिकाऱ्याबद्दल, सांगितलं. कनेक्टिकटने असं पद २०१५ मध्ये निर्माण केलं, आमच्याकडे ते २०२१ मध्ये लागू झालेल्या कायद्याने ॲटर्नी जनरलच्या ऑफिसात आलं. मदत पूर्ण मोफत असते. हे मुद्दाम सांगतेय, कारण 'कर्ज माफ करून देतो' म्हणत फी उकळणाऱ्यांचे फोन इथे सतत येतात.

अर्ज ऑनलाइन भरला. तक्रार, सर्व्हिसरची पत्रं, नोकरीचं प्रमाणपत्र, आणि माझ्या वतीने त्यांनी सर्व्हिसरशी बोलावं अशी लेखी परवानगी दिली. सगळ्यात उपयोगी पडला तो मी केलेला तक्ता: महिना, बँकेतून गेलेली रक्कम, आणि त्याच महिन्यासमोर सर्व्हिसरच्या खात्यावर काय दिसतं. शेजारी बँक स्टेटमेंटचं पान क्रमांकासह जोडलं. माझी केस बघणाऱ्या बाईंनी फोनवर तो तक्ता ओळीओळीने तपासला आणि कुठले महिने नक्की धरले जायला हवेत, कुठल्यांवर वाद होऊ शकतो, हे तिथेच सांगितलं. इतक्या काळात पहिल्यांदाच कोणीतरी माझी फाइल खरोखर वाचली होती.

राज्याला फेडरल नियम बदलता येत नाहीत, कर्जही माफ करता येत नाही. पण ॲटर्नी जनरलच्या ऑफिसातून विचारणा गेल्यावर माझ्या फोनना न मिळालेलं लेखी उत्तर सर्व्हिसरकडून आलं आणि भरलेले हप्ते मोजणीत धरले गेले. एकटीने भांडून हे झालं नसतं, असं माझं ठाम मत आहे. म्हणूनच प्रत्येक राज्यात असं ऑफिस हवं. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय अशा राज्यांत ते आहे. न्यूयॉर्कमध्ये एडकॅप ही मोफत सल्ला देणारी योजना आहे. याखेरीज, ठरावीक वर्षं सेवा करण्याच्या अटीवर आरोग्यक्षेत्रातल्या लोकांच्या कर्जाचा काही भाग फेडणाऱ्या योजनाही बऱ्याच राज्यांत असतात. आपण त्यात बसतो का, हे त्याच ऑफिसला विचारून घ्यावं.

फोरबेअरन्सचे महिने मात्र अजून सुटलेले नाहीत. त्या महिन्यांचे पैसे आता भरून ते मोजणीत धरून घेण्याची 'बायबॅक' नावाची सोय आहे, तिच्यासाठी अर्ज केलाय. उत्तर यायचंय.